ऋण काढून सण की विहीर? जर्मनीचा ‘कर्ज-ब्रेक’ आणि वोल्फगांग शॉयब्ले

मार्च २०२५ मध्ये जर्मनीच्या संसदेने देशाची राज्यघटना बदलली. कशासाठी? तर पूल, रेल्वे, शाळा आणि लष्कर यांच्यासाठी कर्ज काढता यावं म्हणून. आपल्याकडे ही बातमी आतल्या पानावर एका चौकटीत आली आणि गेली. पण जरा थांबून विचार केला तर ती चक्रावून टाकणारी आहे. युरोपातली सर्वात मोठी अर्थव्यवस्था, जिच्या दारात उधार देणारे रांग लावून उभे असतात, तिला पूल दुरुस्त करायला घटनेला हात का घालावा लागतो?

कारण २००९ पासून जर्मन घटनेत एक कलम आहे. त्याला तिकडे ‘शुल्डनब्रेम्झ’ म्हणतात, म्हणजे कर्जाला लावलेला ब्रेक. आपण त्याला कर्ज-ब्रेक म्हणू. या ब्रेकचं नाव निघालं की एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो: चाकांच्या खुर्चीत बसलेले, ओठ आवळलेले वोल्फगांग शॉयब्ले. कलम आणि माणूस हे दोन्ही एकमेकांशिवाय नीट समजत नाहीत, म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतो.

## आधी माणूस

शॉयब्ले यांचा जन्म १८ सप्टेंबर १९४२ रोजी फ्रायबुर्गचा. वाढले ते हॉर्नबेर्ग नावाच्या गावात, नैर्ऋत्य जर्मनीतल्या ‘काळ्या जंगला’च्या डोंगराळ भागात. हा भाग आज बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतो. हे राज्य मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. त्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे आणि कुशल कामगार तिकडे पाठवण्याचा करार महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी केला.

वडील कर-सल्लागार आणि राजकारणातही. मुलगा कायदा शिकला, १९७१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि राज्याच्या कर खात्यात नोकरीला लागला. फ्रायबुर्गच्या कर-कचेरीत लोकांची विवरणपत्रं तपासणं हे त्यांचं काम. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाकडून ते ‘बुंडेस्टाग’मध्ये निवडून आले. बुंडेस्टाग म्हणजे जर्मनीची लोकसभा. त्यानंतर ओफेनबुर्ग मतदारसंघाने त्यांना सोडलंच नाही. २६ डिसेंबर २०२३ रोजी ते वारले तेव्हाही ते खासदार होते. ५१ वर्षं! जर्मनीच्या संसदेत इतका काळ दुसरं कोणी बसलेलं नाही.

चॅन्सलर, म्हणजे पंतप्रधान, मात्र ते कधी झाले नाहीत. पंतप्रधान होता होता राहिलेल्या माणसांची एक जात प्रत्येक देशात असते. आपल्या वाचकांना त्यातली नावं मी सांगायला नकोत.

## दोन देशांचा एक सात-बारा

१९८४ मध्ये चॅन्सलर हेल्मुट कोल यांनी त्यांना आपल्या कार्यालयाचा प्रमुख मंत्री केलं आणि १९८९ मध्ये गृहमंत्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. जल्लोष टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिला. त्यानंतरचं काम मात्र रुक्ष आणि अवाढव्य होतं. चाळीस वर्षं वेगळा संसार केलेल्या दोन देशांचे कायदे, पेन्शनी, पदव्या, न्यायालयं, जमिनी, सगळं एका दावणीला बांधायचं होतं. पश्चिमेच्या बाजूने ही वाटाघाट शॉयब्लेंनी केली. समोर पूर्व जर्मनीचे ग्युंटर क्राउझे होते. ३१ ऑगस्ट १९९० रोजी पूर्व बर्लिनमध्ये एकीकरणाच्या करारावर सह्या झाल्या आणि ३ ऑक्टोबरला देश एक झाला.

सात-बाऱ्याच्या वादांत मुरलेल्या आपल्या वाचकाला एक गोष्ट लगेच कळेल. साम्यवादी राजवटीने ज्यांची घरं-जमिनी काढून घेतल्या त्यांना मालमत्ता परत द्यायची, की पैशात भरपाई? करारात ‘आधी परत, मग भरपाई’ असं तत्त्व आलं आणि पूर्वेकडचे हजारो लोक राहत्या घराचा मालक कोण या दाव्यांत अडकले. गर्भपाताच्या कायद्यावर दोन्ही बाजूंचं जमलंच नाही, तो विषय पुढच्या संसदेवर ढकलला.

आणि खर्च? एकीकरणासाठी सुरुवातीला ११५ अब्ज मार्कांचा निधी उभारला. (मार्क हे युरोच्या आधीचं जर्मन चलन; एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) त्यातला बराचसा कर्जाऊ होता. ते पुरलं नाहीच. १९९१ मध्ये आयकरावर ‘एकजुटीचा अधिभार’ बसला, एका वर्षापुरता म्हणून. सरकारी भाषेत ‘एक वर्ष’ किती लांब असतं ते आपल्यालाही ठाऊक आहे: श्रीमंतांना आणि कंपन्यांना तो अजून भरावा लागतो. सांगायचं ते हे, की पुढे काटकसरीचा पुतळा म्हणून ओळखला गेलेला माणूस जर्मनीच्या इतिहासातल्या एका प्रचंड उधारीच्या कागदावर सही करणाराही होता. त्याबद्दल त्याला दोष कोणी देत नाही. ती उधारी कशासाठी आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

## ओपेनाऊची संध्याकाळ

देश एक होऊन नऊ दिवस झाले होते. १२ ऑक्टोबर १९९० रोजी ओपेनाऊ या गावी प्रचारसभा आटोपून शॉयब्ले बाहेर पडत होते. एका मनोरुग्ण माणसाने मागून गोळ्या झाडल्या. एक जबड्यात, एक पाठीच्या कण्यात. तिसरी त्यांच्या अंगरक्षकाला लागली. वयाच्या ४८व्या वर्षी कमरेखालचं शरीर गेलं. तीनेक महिन्यांत ते पुन्हा मंत्रालयात कामाला हजर होते.

२० जून १९९१ ला संसदेपुढे प्रश्न आला: राजधानी बॉनमध्येच ठेवायची की बर्लिनला न्यायची? बारा तासांच्या आसपास चर्चा चालली. शॉयब्ले खुर्चीतून बोलले. प्रश्न दोन शहरांतल्या भांडणाचा नसून सगळ्या जर्मनीच्या भवितव्याचा आहे, असा त्यांचा रोख होता. भाषण संपल्यावर विरोधी पक्षातले वृद्ध माजी चॅन्सलर विली ब्रांट उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी हात मिळवला. मतं पडली ३३८ विरुद्ध ३२०. बर्लिन जिंकलं. ते भाषण झालं नसतं तर निकाल फिरला असता, असं मानणारे आजही पुष्कळ आहेत.

## एक लाख मार्क

आता डाग. १९९७ मध्ये कोल यांनी जाहीर केलं की आपल्यानंतर शॉयब्ले. मग १९९८ ची निवडणूक मात्र स्वतःच लढवली आणि हरले. शॉयब्ले पक्षाध्यक्ष झाले खरे, पण वर्षभरात देणग्यांचं प्रकरण फुटलं. कोल यांनी कोट्यवधींची नसली तरी वीस लाख मार्कांपर्यंतची रक्कम पक्षासाठी हिशेबाबाहेर घेतली होती आणि देणाऱ्यांची नावं सांगायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. शॉयब्लेंनीही १९९४ मध्ये एका शस्त्रदलालाकडून एक लाख मार्क रोख घेतले होते. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेत त्या माणसाच्या भेटीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी पैशांचा विषय दडवला. जानेवारीत कबूल करावं लागलं. पैसे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याबद्दल त्यांचं आणि पक्षाच्या खजिनदार बाईंचं म्हणणं कधीच जुळलं नाही.

कर-कचेरीतून आलेला, नियमाला देव मानणारा माणूस पावतीवाचूनच्या पाकिटात अडकला. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. एप्रिलमध्ये त्यांच्याच हाताखालच्या सरचिटणीस बाई अध्यक्ष झाल्या. त्यांचं नाव अँगेला मर्केल. संसदीय पक्षाचं नेतेपद गेलं ते फ्रीडरिश मेर्त्झ या तरुण खासदाराकडे. हे नाव लक्षात ठेवा.

ज्या बाईंनी आपली जागा घेतली त्यांच्याच मंत्रिमंडळात ते २००५ मध्ये पुन्हा गृहमंत्री झाले. २००४ मध्ये मर्केलबाईंनी त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठीही डावललं होतं. आपल्या राजकारणात एवढ्यात दोन नवे पक्ष निघाले असते. गृहमंत्री म्हणून त्यांनी पोलिसांचे अधिकार वाढवायला लावले, म्हणून उदारमतवादी त्यांच्यावर चिडले. मुस्लिम संघटनांसोबत सरकारची कायमची चर्चा-परिषद सुरू केली, म्हणून त्यांच्याच पक्षातले काही चिडले. आणि २००९ च्या शेवटी ते अर्थमंत्री झाले.

## कर्ज-ब्रेक म्हणजे नेमकं काय?

सरकारची मिळकत कमी आणि खर्च जास्त झाला की मधल्या फरकाला तूट म्हणतात. तूट कर्जाने भरतात. कर्ज-ब्रेक सांगतो: केंद्र सरकारची तूट देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ०.३५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

०.३५ टक्के म्हणजे किती? देशाचं उत्पन्न दहा लाख रुपये धरलं, तर वर्षाला नवं कर्ज साडेतीन हजार. भारताच्या २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यात केंद्राच्या तुटीचं उद्दिष्ट ३ टक्के आहे, म्हणजे त्याच हिशेबाने तीस हजार. आणि २००७-०८ चं वर्ष सोडलं तर आपलं सरकार ते उद्दिष्टही गाठू शकलेलं नाही. कोविडच्या वर्षी आपली तूट ९ टक्क्यांच्या वर गेली. जर्मनीच्या प्रत्यक्ष आकड्यांत ०.३५ टक्के म्हणजे साधारण १५ अब्ज युरो. जर्मनीतल्या घटकराज्यांना तर २०२० पासून २०२५ च्या बदलापर्यंत तेवढंही नव्हतं. शून्य.

दोन सवलती आहेत. पहिली मंदीची. पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतकरी सोसायटीतून उचल घेतो आणि पीक चांगलं आलं की फेडतो. तसंच अर्थव्यवस्था मंदावली की थोडी जास्त तूट चालते, तेजीत ती भरून काढायची. दुसरी सवलत नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारच्या हाताबाहेरच्या आणीबाणीची. अशा वेळी संसद बहुमताने ब्रेक त्या वर्षापुरता उचलू शकते. कोविडमध्ये तसंच झालं.

आपल्यात आणि त्यांच्यात खरा फरक आकड्यापेक्षा जागेचा आहे. आपलं उद्दिष्ट साध्या कायद्यात आहे, म्हणून पुढे ढकलता येतं. त्यांचं घटनेत आहे. बदलायचं तर बुंडेस्टागमध्ये दोन-तृतीयांश आणि राज्यांच्या सभागृहातही दोन-तृतीयांश मतं लागतात.

## मग हा ब्रेक शॉयब्लेंनीच लावला ना?

नाही. हा गैरसमज जर्मनीतही आहे. कलम २००९ मध्ये आलं तेव्हा अर्थमंत्री होते पेअर श्टाइनब्र्युक, विरोधी विचारांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. दोन्ही मोठे पक्ष तेव्हा एकत्र सत्तेत होते आणि जागतिक आर्थिक संकटात बँका वाचवायला त्यांनी भरमसाट कर्ज काढलं होतं. आता पुन्हा असं नको, ही त्यामागची भावना. शॉयब्ले त्या वेळी गृहमंत्री होते.

त्यांनी केलं ते असं, की कलमाने ०.३५ टक्क्यांची मुभा दिली होती, तीही वापरली नाही. २०१० मध्ये केंद्राने ४४ अब्ज युरोंचं नवं कर्ज घेतलं होतं. २०१४ मध्ये ते शून्यावर आलं. १९६९ नंतर पहिल्यांदाच. याला नाव पडलं ‘काळं शून्य’. जमाखर्चाच्या वहीत तोटा लाल शाईने लिहितात आणि नफा काळ्या शाईने. लाल नाही तेव्हा काळं. हे शून्य २०१९ पर्यंत टिकलं. देशाचं एकूण सरकारी कर्ज २०१० मध्ये जीडीपीच्या ८० टक्क्यांवर होतं, ते दशकाअखेरीस ६० टक्क्यांखाली आलं.

त्यात काटकसर किती आणि नशीब किती, हे मात्र विचारायला हवं. युरोपातले बाकीचे देश डळमळीत झाले तसे गुंतवणूकदार घाबरून जर्मन रोख्यांकडे पळाले आणि जर्मनीला जवळजवळ फुकट कर्ज मिळू लागलं. रोजगार वाढला, करही वाढून आला. जुनं महाग कर्ज फेडून नवं स्वस्तात घ्यायला मिळालं तर कोणाचाही हिशेब जुळेल.

## अंथरूण पाहून पाय पसरावेत, यात चूक काय?

मर्केलबाईंनी २००८ मध्ये स्टुटगार्टच्या सभेत एक दाखला दिला होता: संकट का आलं ते कळायला एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारा, ती सांगेल की मिळकतीपेक्षा जास्त खर्च करून फार काळ जगता येत नाही. श्वाबिया हा त्याच राज्याचा दुसरा भाग, कवडीचुंबकपणासाठी विनोदात बदनाम. शॉयब्लेंनाही जग त्याच श्वाबियन पठडीतलं मानायचं. पण ते बाडेनचे, आणि बाडेनच्या माणसाला श्वाबियन म्हणणं म्हणजे नागपूरकराला पुणेकर म्हणणं.

गृहिणीचं म्हणणं आपल्या म्हणीतलंच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. ऋण काढून सण करू नये. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ या एकाच शब्दाचा अर्थ अपराध असाही होतो आणि देणं असाही, यावरून तिकडचा कर्जाचा तिटकारा समजावून सांगायची पद्धत आहे. मला तो मुद्दा थोडा ताणलेला वाटतो. आपल्याकडे ‘ऋण’ म्हणजे उपकारही. म्हणून आपण कर्जं प्रेमाने फेडतो असं काही दिसलेलं नाही.

मुद्दा दुसरा आहे. आपल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ऋण काढून सण करू नको असं सांगितलं, पण ऋण काढून विहीर खणू नको असं कोणी सांगितलं नाही. विहिरीला पाणी लागलं तर तीच कर्ज फेडते, आणि पुढच्या पिढीलाही ती मिळते, तर हप्त्याचा थोडा भार पुढच्या पिढीने उचलला तर बिघडलं कुठे? जर्मनीच्या जुन्या नियमात हा भेद होता: सरकारचं कर्ज साधारणपणे त्याच्या भांडवली गुंतवणुकीपेक्षा जास्त असू नये. पण ‘गुंतवणूक’ या शब्दात सरकारांनी काय काय कोंबलं आणि पळवाटा किती काढल्या, की तो नियम नावापुरता उरला. २००९ मध्ये त्यावर उपाय म्हणून भेदच काढून टाकला. सण असो की विहीर, दोन्हीला तोच ब्रेक. पळवाट बुजवताना वाटही बुजली.

परिणाम हळूहळू दिसला. पेन्शन कापली तर लगेच ओरड होते. पुलाची दुरुस्ती पुढे ढकलली तर पूल ओरडत नाही. जर्मनीच्या नगरपालिकांची रस्ते-इमारतींची झीज नव्या गुंतवणुकीपेक्षा वर्षानुवर्षं जास्त होत राहिली. सरकारी विकास बँक केएफडब्ल्यूच्या २०२४ च्या पाहणीत गावं-शहरांचं तुंबलेलं काम १८६ अब्ज युरोंचं निघालं. त्यात सर्वात मोठा वाटा शाळांच्या इमारतींचा. लुडेनशाइडजवळचा महामार्गावरचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये धोकादायक म्हणून अचानक बंद केला, मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला आणि तोवर मालट्रकांची रांग गावातून. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरत नाहीत.

सगळंच ब्रेकच्या माथी मारता येणार नाही. परवानग्यांचा घोळ आहे, अभियंत्यांचा तुटवडा आहे, आणि ठेवलेला पैसाही वेळेत खर्च झालेला नाही. शिवाय शॉयब्लेंच्या काळात कलमाने परवानगी असतानाही हात आखडला तो धोरणाचा भाग होता, कायद्याचा नव्हे.

## ग्रीसचं काय?

भारतीय वाचकांना शॉयब्ले माहीत असतील तर ते ग्रीसमुळे. २००९ च्या अखेरीस ग्रीसच्या नव्या सरकारने कबूल केलं की आधीचे तुटीचे आकडे खोटे होते. युरो हे चलन समाईक, पण प्रत्येकाचा खिसा वेगळा. एकत्र कुटुंबात एका भावाने परस्पर उधारी केली आणि सावकार सगळ्या घराच्या दारात येऊन बसला, अशी गत. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंची पहिली मदत ठरली, पुढे आणखी दोनदा. अट एकच: खर्च कापा. पगार कापले, पेन्शनी कापल्या. २०१३ मध्ये ग्रीसमधली बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर होती.

शॉयब्लेंची भूमिका वकिली होती. करार केला आहे, सही तुमची आहे, सरकार बदललं म्हणून करार बदलत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुदतीबद्दल विचारलं तेव्हा आपल्या बोलीच्या ठसक्यात इंग्रजी मिसळून ते म्हणाले, ‘इश ओव्हर’. संपलं! जर्मनीत ते मग वाक्प्रचारच झालं. जुलैमध्ये ग्रीसच्या जनतेने सार्वमतात ६१ टक्के मतांनी अटी झिडकारल्या. तेव्हा शॉयब्लेंच्या मंत्रालयाने कागद पुढे केला: ग्रीसने निदान पाच वर्षं युरोतून बाहेर पडावं, कर्ज कमी करून घ्यावं आणि मग यावं. युरोपभर गदारोळ झाला. रात्रभर चाललेल्या बैठकीत मर्केलबाईंनी अर्थमंत्र्यांची सूचना बाजूला ठेवून तिसरं कर्ज मान्य केलं.

इथे दोन आठवणी करून द्यायला हव्यात. २००२ पासून काही वर्षं खुद्द जर्मनीने युरोचा ३ टक्के तुटीचा नियम मोडला होता आणि फ्रान्सच्या साथीने दंडही टाळला होता. (तेव्हा शॉयब्ले विरोधी बाकावर होते, हे न्यायाने म्हटलं पाहिजे.) आणि १९५३ च्या लंडन करारात धनकोंनी जर्मनीचं जुनं देणं जवळपास निम्म्यावर आणलं होतं. त्या करारावर सही करणाऱ्यांत ग्रीसही होता.

शॉयब्लेंचे टीकाकार त्यांना निर्दय म्हणतात. मला ते निर्दयपेक्षा अंकगणिती वाटतात. कर्ज माफ करायचं तर युरोबाहेर, आत राहायचं तर नियमाने, हे त्यांचं म्हणणं आतून सुसंगत होतं. पण बेरजेत न बसणारी माणसं अथेन्सच्या रस्त्यावर होती.

## एवढा पक्का ब्रेक मग सैल का झाला?

ऑक्टोबर २०१७ मध्ये शॉयब्ले अर्थमंत्रालय सोडून बुंडेस्टागचे अध्यक्ष झाले. निरोपाच्या दिवशी मंत्रालयाचे शेकडो कर्मचारी काळे कपडे घालून अंगणात उभे राहिले आणि वरून फोटो काढला: मोठं काळं शून्य. इतका लाडका हिशेब क्वचितच कोणाचा झाला असेल.

मग कोविड आलं, मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. लष्करासाठी घटना बदलूनच १०० अब्जांचा वेगळा निधी काढला. चॅन्सलर ओलाफ शोल्झ यांच्या सरकारने आणखी एक युक्ती केली: कोविडसाठी मंजूर झालेली, पण न वापरलेली ६० अब्जांची कर्जमर्यादा हवामान निधीत वळवली. लग्नासाठी मंजूर झालेलं कर्ज न वापरता पुढच्या वर्षी घराच्या रंगाला वापरावं, तसं. विरोधी पक्षाचे १९७ खासदार घटनापीठाकडे गेले आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायालयाने ती युक्ती घटनाबाह्य ठरवली. तो विरोधी पक्ष म्हणजे शॉयब्लेंचाच पक्ष, आणि त्याचा नेता फ्रीडरिश मेर्त्झ. सहा आठवड्यांनी शॉयब्ले वारले.

६० अब्जांचं भगदाड सरकारला बुजवता आलं नाही. तीन पक्षांची आघाडी भांडत राहिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मोडली. मोडली ती कर्ज-ब्रेक उचलावा की नाही यावरच. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत मेर्त्झ ब्रेकचे रखवालदार म्हणून उभे राहिले आणि जिंकले. २०१८ च्या पक्षनिवडणुकीत शॉयब्लेंनी उघड पाठिंबा दिला होता तो याच मेर्त्झना.

निकालाला महिना व्हायच्या आत त्याच मेर्त्झनी घटनादुरुस्ती आणली. तीही जुन्या संसदेत, कारण नव्या संसदेत दोन-तृतीयांश जमणार नव्हतं. लागत होती ४८९ मतं, पडली पाचशेच्या वर. आता जीडीपीच्या एक टक्क्यापलीकडचा संरक्षण खर्च ब्रेकच्या बाहेर, राज्यांनाही मिळून ०.३५ टक्क्यांची मुभा, आणि पायाभूत कामांसाठी बारा वर्षांत वापरायचा ५०० अब्जांचा निधी. अमेरिकेवर विसंबून राहता येत नाही ही भीती खरी होती. पण प्रचारात एक आणि निकालानंतर दुसरं, हेही तितकंच खरं.

## ‘मग शॉयब्ले चुकले होते, असंच ना?’

इतकं सोपं नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकार व्याजापोटी सुमारे ४ अब्ज युरो भरत होतं. २०२३ मध्ये ते ३७ अब्जांच्या आसपास गेलं. फुकटच्या कर्जाचे दिवस संपल्यावर, कर्ज आधीच कमी करून ठेवणाऱ्याच्या हाताशी काय असतं ते दिसलं: आज जर्मनी ५०० अब्ज काढू शकते, कारण तिच्या उताऱ्यावर फ्रान्स-इटलीइतका बोजा नाही. उलट बाजूनेही विचारता येतं: व्याज शून्याच्या जवळ होतं ती वर्षं विहिरी खणायची होती, तेव्हा खणल्या नाहीत आणि आता महागात खणतोय. दोन्ही बाजू एकाच वहीतून पुरावे काढतात.

नव्या निधीच्या कायद्यात जुना भेद मागच्या दाराने परत आला आहे. हा पैसा ‘जादा’ गुंतवणुकीलाच वापरायचा, आणि जादा तेव्हाच धरायचं जेव्हा नेहमीच्या अर्थसंकल्पात निदान १० टक्के रक्कम गुंतवणुकीला ठेवलेली असेल. लगेच तक्रारी सुरू झाल्या आहेत. महामार्गांच्या पुलांची दुरुस्ती, जी आधी नेहमीच्या खर्चात होती, ती नव्या निधीत सरकवली. तिकडे मोकळी झालेली रक्कम दुसऱ्याच कामाला गेली. कागदावर विहीर, आणि शेजारच्या पानावर सण. अर्थशास्त्रज्ञ आता ओळ न् ओळ लावून बघतायत, कुठला खर्च खरोखर नवा आहे आणि कुठल्याचं फक्त खातं बदललंय. फ्रायबुर्गच्या कर-कचेरीत नोकरीला लागलेल्या त्या तरुणाला नेमकं हेच काम दिलं होतं.